नाकापेक्षा मोती जड

सणासुदीच्या दिवसांत कुणाच्या नाकाविषयी बोलू नये, असा शिष्टाचार आहे. मुलगी पाहायला जाणाऱ्या मंडळींनी तो कधी फारसा पाळला नाही, ही गोष्ट निराळी. पण यंदा फराळाचे ताट समोर असताना मी तो मोडणार आहे. वाचकांनी घाबरू नये. ज्या नाकावरून मला भांडायचे आहे ते त्यांच्या घरातल्या कोणा माणसाचे नव्हे, कुत्र्याचे आहे. आणि भांडणाचे कारणही साधे आहे. ते नाक जाग्यावर नाही. ते आपण, म्हणजे माणसांनी, हौसेपायी नाहीसे केले आहे.

पग नावाचा कुत्रा आता कोणाला ठाऊक नाही? चेपलेले तोंड, कपाळावर आठ्या, बटबटीत डोळे आणि शेपटीचे वेटोळे. २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा असा एक पग साऱ्या देशाने पाहिला, आणि घरोघरची मुले आईबापांच्या मागे लागली. त्यापूर्वी जो कुत्रा चार श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसे, तो पुढे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून नांदू लागला. त्याच्या पाठोपाठ फ्रेंच बुलडॉग आला, शिह त्झू आला, आणि मांजरांच्या बाजूने चपट्या तोंडाची पर्शियन मांजरे आली. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल आहे हो! फक्त ते आपण देत नाही, ते मुके जनावर देते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी असाच एक पग आला. भाच्याने इंग्रजी नावांची यादी काढून ठेवली होती, पण बहीण म्हणाली, ‘‘आपल्या घरात कुत्र्याचे नाव मोतीच.’’ मोती मोठा लाघवी होता. दारात पाऊल टाकले की सारे अंग हलवीत यायचा, आणि घशातून घर्र घर्र असा आवाज काढायचा. झोपला की असा घोरायचा की पाहुणे हसून लोळत. भाच्याने त्या घोरण्याची चित्रफीत काढली होती, ती आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. कधी कधी तो बसल्या बसल्या झोपे, मान वर करून, हनुवटी पायरीच्या कडेवर टेकवून. ‘‘दादा, बघ ना, कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो!’’ बहीण म्हणायची. आणि मीही हसायचो. हे मी कबूल करून टाकतो, कारण पुढे मी ज्यांना बोल लावणार आहे त्यांच्यात मी पहिला आहे.

चौथ्या वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे सोलापूरकडे एका लग्नाला निघालो. गाडी गार होती. वाटेत जेवायला थांबलो, तेव्हा मोतीला झाडाखाली बांधले. सावली होती, शेजारी पाण्याची वाटी होती. अर्ध्या तासाने बाहेर आलो तो मोती आडवा पडलेला, जीभ जांभळी, तोंडाला फेस. आम्ही ओला टॉवेल त्याच्याभोवती गच्च गुंडाळला आणि गाडी पिटाळली. पुढच्या गावात जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी थर्मामीटर लावला. कुत्र्याचे अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम, एकशेएक-दोन असते. मोतीचा पारा एकशेसातच्या पुढे गेला होता. त्यांनी खूप खटपट केली. रात्री नऊ वाजता मोती गेला.

बहीण रडत होती. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, ‘‘फार गुणी कुत्रा हो, डॉक्टर. झोपेत सारखा घोरायचा.’’ त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘काका, तो चार वर्षे गुदमरत होता.’’

त्या रात्रीपासून मला ती घोरण्याची चित्रफीत ऐकवत नाही. आणि त्या रात्रीपासूनच मी या विषयावर जे हाती येईल ते वाचीत सुटलो आहे. त्यातून जे कळले ते चारचौघांत सांगितलेच पाहिजे, म्हणून हा लेख.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा येतो तो पायांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची मोठी सोय म्हणजे धापा टाकणे, आणि त्या सोयीचे यंत्र त्याच्या लांब नाकात बसवलेले असते. आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर त्वचा असते. त्यांवरून हवा गेली की पाणी उडून जाते आणि रक्त गार होते. म्हणजे माठाला पाझर असतो तसे कुत्र्याला नाक. आता हे नाक कोणी चेपून टाकले तर काय होईल? हाड आखूड झाले, पण आतला मऊ ऐवज त्या मानाने आखूड झाला नाही. वाड्यातले बिऱ्हाड मोडून दीड खोलीत आणावे आणि सामान मात्र वाड्याचेच ठेवावे, तशी त्या तोंडाची गत. टाळूचा पडदा लांबलचक राहून श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. नाकपुड्या म्हणजे दोन चिरा. पुढच्या दाराशी असा बोळा बसला की प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो, आणि त्या ओढीने स्वरयंत्राचा भागही पुढे आत खेचला जातो. डॉक्टर लोक या दुखण्याला ब्रॅकिसेफॅलिक ऑब्स्ट्रक्टिव्ह एअरवे सिंड्रोम म्हणतात. नाव लांब आहे. नाक आखूड असल्यामुळे नाव तरी लांब असावे, असा हिशेब असेल.

गोष्ट नाकावर थांबत नाही. कुत्र्याला बेचाळीस दात असतात. जबडा निम्मा झाला तरी दात बेचाळीसच, म्हणून ते एकमेकांवर चढून तिरपे उगवतात. डोळ्यांच्या खोबणी उथळ होतात, त्यामुळे बुबुळाला जरा काही लागले की जखम. तोंडावरच्या ज्या घड्यांना आपण ‘गोड’ म्हणतो त्यांच्या आत ओल साचते आणि कातडी चिघळते. बुलडॉगची तर आणखी कहाणी. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्या ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणांत पोट फाडून पिल्ले काढावी लागल्याचे आढळले. जी जात आपली आपण जन्माला येऊ शकत नाही, तिला आपण ‘शुद्ध’ म्हणतो!

आता या बाबतीत जे युक्तिवाद हमखास ऐकू येतात, ते एकेक घेऊ.

पहिला: ‘‘ही जातच अशी आहे, देवानेच तिला तशी घडवली.’’ देवाला यात गोवू नका. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली आपले स्वतःचे चित्र काढले, त्यात शेजारी त्याचा लाडका पग बसलेला आहे. त्या पगाला चांगले नाक आहे! बुलडॉगही मुळात बैलाशी झुंजवण्यासाठी वाढवलेला कुत्रा. त्या झुंजी ब्रिटनमध्ये १८३५ साली कायद्याने बंद झाल्या, आणि बेकार झालेल्या त्या पहिलवानाला हौशी लोकांनी दिवाणखान्यात आणून बसवले. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. जातींच्या वंशावळी, प्रदर्शने, बक्षिसे सुरू झाली. ज्याचे तोंड अधिक चपटे त्याला बिल्ला, आणि ज्याला बिल्ला त्याच्याच पिल्लांना भाव. देवाने नाक दिले होते. माणसाने बक्षिसासाठी ते कापून घेतले.

दुसरा युक्तिवाद: ‘‘आमचा अगदी ठणठणीत आहे, थोडा घोरतो इतकेच.’’ हा युक्तिवाद मीही चार वर्षे केला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या कुत्र्यांना श्वासाचा हा विकार आहे असे तपासणीत निघाले, त्यांच्या मालकांनाच विचारले, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे काय? १०० पैकी ५८ मालक म्हणाले, नाही. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तो आवाज कुत्र्याचा स्वभाव वाटत होता, जसा आम्हांला वाटला. त्याच कॉलेजच्या २०१५ च्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या नाकाडाची लांबी डोक्याच्या कवटीच्या निम्म्याहून कमी आहे, त्याच कुत्र्यांत हा विकार आढळतो, आणि नाक जसजसे आखूड तसतसा धोका चढत जातो. आणि २०२२ साली त्यांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींतून ४,३०८ पग आणि २१,८३५ इतर कुत्री यांची तुलना केली. या विकाराची शक्यता पगमध्ये सुमारे ५४ पट निघाली. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता नेहमीचा कुत्रा म्हणता येणार नाही, असाच निष्कर्ष त्यांनी काढला.

येथे न्यायाने वागले पाहिजे. प्रत्येक पग आजारी असतो असे नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी श्वासाची प्रत बसवण्याची एक रीत तयार केली, आणि २०१९ पासून ब्रिटनच्या केनेल क्लबने ती चालवली आहे. कुत्र्याचा गळा नळीने ऐकायचा, त्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायचे, आणि पुन्हा ऐकायचे. शून्य ते तीन अशा चार प्रती. शून्य प्रतीचे पगही असतात. मग माझे म्हणणे एवढेच आहे की, पैदाशीला लावण्यापूर्वी ती तीन मिनिटे कोणी पळवतो का? पिल्लू विकत घेताना आपण त्याच्या आईबापांचे कागद मागतो, रंग पाहतो, आठ्या मोजतो. त्याच्या आईला तीन मिनिटे पळवून दाखवा, असे म्हणणारे गिऱ्हाईक मला अजून भेटायचे आहे.

तिसरा युक्तिवाद: ‘‘त्यावर शस्त्रक्रिया निघाली आहे की!’’ निघाली आहे, आणि ज्यांच्या घरी त्रास असलेला कुत्रा आहे त्यांनी ती वेळेवर करून घ्यावी, असेच मी सांगेन. नाकपुड्या रुंद करतात, टाळूचा लांबलेला पडदा कापतात, पुष्कळांना आराम पडतो. पण शस्त्रक्रियेने गेलेले नाक उगवत नाही. या कुत्र्यांना भूल देणे हेही जोखमीचे काम आहे. भूल उतरताना घशातली नळी काढली की तोच लांब पडदा पुन्हा वाट अडवतो, म्हणून डॉक्टरला शेजारी बसून राहावे लागते. आणि शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्याची पिल्ले? ती तेच जुने नाक घेऊन जन्मतात. आधी मुलाच्या नाकात बोळा घालायचा, मग तो काढणाऱ्या डॉक्टरला धन्यवाद द्यायचे, याला काय म्हणावे?

या ठिकाणी मला डॉक्टरांशीही थोडे भांडायचे आहे. रागावू नका, डॉक्टर मंडळी. मुंबईचे परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. तुमच्या विद्येविषयी मला आदर आहे. मोतीला चार वर्षे आमच्या गावी नियमित दाखवत होतो. लसी टोचल्या, नखे कापली, वजन वाढले तरी ‘‘चांगला बाळसेदार आहे’’ असे ऐकले. चरबी वाढली की आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. त्याचा श्वास ऐकून ‘‘हा विकार आहे’’ असे चार वर्षांत एकदाही कोणी म्हटले नाही. आम्ही विचारले नाही, हेही खरे. गिऱ्हाईक दुखावेल, दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीती मी समजू शकतो. पण जे तुम्ही रोज पाहता ते तुम्ही बोलला नाहीत, तर आम्ही ते जाहिरातीतून शिकायचे काय? ब्रिटनच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१८ साली मोहीमच काढली आणि व्यापाऱ्यांना सांगितले की, चपट्या तोंडाची कुत्री जाहिरातीत वापरू नका. ज्या जाहिरातीने आमच्याकडे हा रोग आणला तिच्यासमोर उभे राहून असे बोलणारा आवाज आम्हांलाही हवा होता.

सरकारविषयी काय बोलावे? २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असे त्यांत आहे. आपल्या ओळखीत किती जणांनी पिल्लू घेताना ते नोंदणीपत्र पाहिले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने एक परिपत्रक काढून तेवीस जातींची कुत्री माणसाला घातक म्हणून त्यांच्यावर बंदी सुचवली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तो वाद बाजूला ठेवू. पण माणसाला धोका असलेल्या कुत्र्यांची यादी आपण चटकन करतो. माणसाच्या हौसेमुळे ज्या कुत्र्याचा स्वतःलाच धोका झाला आहे त्याची यादी कोणी करीत नाही. नेदरलँड्सने ती केली. तिथे २०१४ पासून असे विकार पुढच्या पिढीत उतरवणाऱ्या पैदाशीविरुद्ध कायदा आहे, आणि २०१९ मध्ये त्यांनी नाकाची मापेच ठरवून दिली. नाकाड कवटीच्या सुमारे एक तृतीयांशाहूनही आखूड असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. त्या थंड देशाला हे सुचले. चाळीस अंशांवर पारा चढणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यात ते आपल्याला सुचू नये?

शेवटचा युक्तिवाद बायकामुलांचा असतो, आणि तोच खरा कठीण. ‘‘मग आम्ही पाळायचे काय? फ्लॅटमध्ये दुसरे कोणते कुत्रे मावणार?’’ अहो, तुमच्या घरात दत्ताची तसबीर असेल ना? त्या पायांशी बसलेली चार कुत्री एकदा नीट पाहा. एकाचेही तोंड चेपलेले नाही. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढून गेलेला कुत्राही मला वाटते गावठीच असावा. पग असता तर हरिद्वारच्या पुढे सरकता ना. तुमच्या जिन्याखाली जे गावठी पिल्लू कुडकुडत बसले आहे, ते याच मातीत, याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले आहे. ती निवड कोणा परीक्षकाने बिल्ला हातात घेऊन केलेली नाही. ज्याला श्वास नीट घेता आला, जो धावला, तो जगला, आणि त्याची पिल्ले झाली. त्याला लस द्या, शस्त्रक्रिया करून घ्या, घरात घ्या. दोन खोल्यांत तेही मावते.

आता ज्यांच्या घरी आधीच असा नाक नसलेला जीव आहे, त्यांच्यासाठी चार ओळी. कारण त्यांच्या कुत्र्याशी माझे काहीही भांडण नाही. त्याचे वजन वाढू देऊ नका. दिवाळीत ‘‘एक करंजी काय होते’’ म्हणून त्याच्या तोंडात घालू नका. गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, छातीवरून जाणारा पट्टा घ्या. उन्हाळ्यात फिरवणे पहाटे आणि रात्रीच. विमानाने न्यायचे असेल तर आधी चौकशी करा. पुष्कळ कंपन्या चपट्या तोंडाची कुत्री सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत, आणि त्यांना कारण ठाऊक आहे. तो बसून झोपत असेल, हनुवटी उंचावर ठेवत असेल, झोपेतून दचकून उठत असेल, तर हसू नका. डॉक्टरला स्पष्ट विचारा, ‘‘याचा श्वास कितव्या प्रतीचा?’’ आणि ऊन लागून तो कोसळलाच, तर आमच्यासारखा ओला टॉवेल गुंडाळून गाडी पिटाळू नका. त्या टॉवेलाखाली उष्णता कोंडून राहते. आधी जागच्या जागी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग दवाखाना गाठा. हे मला मोती गेल्यावर कळले.

नाकापेक्षा मोती जड झाला, असे आपण म्हणतो ते नथीतल्या मोत्याविषयी. आमच्या मोतीला नाकच नव्हते, तेव्हा काहीही जडच होणार. एक श्वाससुद्धा.

गेल्या पावसाळ्यात भाच्याने जिन्याखालून एक काळे पिल्लू वर आणले. बहीण आधी नको नको म्हणत होती. आता तेच तिच्या पायाशी झोपते. झोपले की त्याचा आवाज येत नाही. पहिल्या रात्री बहीण दोनदा उठून त्याच्या नाकाशी हात धरून बसली, श्वास चालतो आहे ना ते पाहायला. नाक चांगले हातभर आहे. ते जिथे तिथे खुपसते, काल चकलीच्या डब्यात खुपसले. मी काठी उगारली आणि मग खाली ठेवली. म्हटले, खुपस बाबा. तुझे आहे, तुला आहे.